पोलिसांविरुद्ध गाऱ्हाणे व त्याची दाद

तक्रार, अर्ज आणि फिर्याद हे तीन शब्द आमच्या भोकर तालुक्यातील लोकांच्या तोंडी नित्य येतात. परंतु त्यांतील भेद विचारला असता पुष्कळांस तो सांगता येत नाही. मौजेची गोष्ट अशी की, अरबी भाषेत ‘तक्रार’ याचा मूळ अर्थ पुनरुक्ती, म्हणजे तीच गोष्ट फिरून फिरून सांगणे, असा आहे. आणि फारसीतून आलेली ‘फिर्याद’ म्हणजे संकटात सापडलेल्याने साहाय्यार्थ मारलेली हाक होय. ज्याची हाक पहिल्या वेळी कोणी ऐकत नाही त्यासच ती पुन्हा पुन्हा मारावी लागते. तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी येऊन बसले यात नवल नाही.

चोरी झाली, मारामारी झाली, तर हाक कोठे मारावी हे लहान मुलासही ठाऊक असते. पण ज्याच्या दारी हाक मारावयाची त्याच्याच वर्तनाविषयी गाऱ्हाणे असेल तर मनुष्याने कोठे जावे? हा प्रश्न आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या तासाला विचारण्याजोगा आहे, आणि पालकांसही त्याचे उत्तर ठाऊक असणे अगत्याचे आहे. म्हणून या अंकात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पोलिसांविषयीची गाऱ्हाणी दोन जातींची असतात. एक वर्तनाविषयीची: शिवीगाळ केली, मारले, पैसे मागितले, फिर्याद लिहून घेतली नाही, विनाकारण ठाण्यात बसवून ठेविले. दुसरी निःपक्षपाताविषयीची; आणि ही अधिक सूक्ष्म असतात. येथे अधिकाऱ्याचे एकेक कृत्य वेगळे काढून पाहिले तर ते कायदेशीरच दिसते. त्याने एका पक्षाची फिर्याद नोंदविली, हे योग्यच झाले. एका गल्लीची झडती घेतली, तीही आवश्यक असेल. परंतु दुसऱ्या पक्षाची फिर्याद नोंदविली नाही आणि दुसऱ्या गल्लीत कोणी फिरकले नाही, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मग पक्षपात दिसू लागतो. मार लागला तर अंगावर वळ उठतात. पक्षपाताचे वळ उठत नाहीत. म्हणून पहिल्या प्रकारच्या चौकशीला साक्षीदार व वैद्याचा दाखला पुरतो, दुसऱ्या प्रकारच्या चौकशीला मात्र ठाण्याची सारी दप्तरे उघडून दोन बाजूंची तुलना करावी लागते.

पवित्र शास्त्रात या दोन्ही प्रकारांचे एकच उदाहरण सापडते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात, पौल व सीला यांस फिलिप्पै नगरात धरून नेल्याची हकीकत आहे. खरे कारण असे होते की, भविष्य सांगणाऱ्या एका दासीच्या मालकांची मिळकत बुडाली होती. अंमलदारांसमोर मात्र त्यांनी ते सांगितले नाही. हे दोघे यहूदी असून नगरात गोंधळ माजवितात, एवढेच सांगितले. परके लोक म्हटल्याबरोबर चौकशीची आवश्यकता कोणास वाटली नाही. वस्त्रे फाडून छड्या मारण्यात आल्या आणि पाय खोड्यात अडकविण्यात आले. दुसऱ्या दिवशी अंमलदारांनी शिपायांकरवी निरोप पाठविला की, यांस सोडून द्या. सामान्य मनुष्य जीव घेऊन निघून गेला असता. पौलाने जाण्याचे नाकारिले. आम्ही रोमी नागरिक असता चौकशीवाचून आम्हांस चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय, स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढा, असे त्याने कळविले. आणि अंमलदारांस येऊन विनवणी करावी लागली. पौलाने सूड मागितला नाही, पैसा मागितला नाही. चूक जितकी उघडपणे झाली तितक्याच उघडपणे ती मान्य व्हावी, इतकेच त्याचे मागणे होते. आजही पुष्कळ तक्रारदारांचे मागणे याहून मोठे नसते, असे आमचे मत आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. आपला नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी करून कारभाराची नवी घडी बसविली, आणि जिल्ह्याच्या पोलिसांवर मोहतमीम व ठाण्यावर अमीन अशी व्यवस्था पुढे रूढ झाली. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘अमीनसाहेब’ हा शब्द अलीकडेपर्यंत ऐकू येई. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. मराठी अथवा तेलुगू बोलणाऱ्या कुणब्याचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या लेखणीतून कागदावर उतरे. आपले दुःख दुसऱ्याच्या भाषेत लिहिले गेले म्हणजे त्यातील किती शिल्लक राहते, याचा अनुभव सरहद्दीवरील आमच्या या भागास चांगलाच आहे.

१९४८ च्या सप्टेंबर महिन्यात हिंदी सैन्य संस्थानात शिरले. त्या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हे नाव पडले, तरी ती सैन्याचीच मोहीम होती. तत्पूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्या वेळी संस्थानच्या पोलिसांनी केलेली डोळेझाक यांच्या कथा आमच्या वाचकांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकिल्या असतील. त्यामानाने कमी ऐकिलेली गोष्ट अशी की, त्या मोहिमेनंतर मुसलमान प्रजेवर जे सूडाचे प्रसंग ओढवले त्यांची पाहणी करण्यासाठी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार आदिकरून मंडळींस पाठविले होते. त्यांनी सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला नांदेड. प्रजेच्या रक्षणासाठी नेमलेल्या काही हातांनीच लुटीला साहाय्य केले, अशी गाऱ्हाणी त्यांच्या कानी आली व त्यांनी ती नमूद केली. पण तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सामान्य वाचकांस तो पाहावयास मिळेपर्यंत २०१३ साल उजाडले. ज्यांनी साक्षी दिल्या त्यांतील बहुतेक तोवर हयात नसणार. गाऱ्हाणे ऐकून घेतले, लिहिले आणि कुलपात ठेविले, तर त्यास दाद मिळाली असे कोण म्हणेल?

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे मुंबईचा १९५१ सालचा पोलीस अधिनियम आपल्याकडे लागू झाला. त्यासच आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. या कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्यास आपल्या हाताखालच्या मनुष्याची चौकशी करून त्यास शिक्षा देण्याचा अधिकार आहे. ताकीद देण्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षेच्या पायऱ्या आहेत. शिपायाविरुद्ध अर्ज आला की पोलीस अधीक्षक तो बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याकडे धाडतात, तो दोन्ही बाजूंचे जबाब घेतो आणि अहवाल वर पाठवितो. ही पद्धती टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. शिस्त राखण्याचे काम घरच्या वडीलमाणसानेच करावयाचे असते, आणि पुष्कळशी लहानसहान गाऱ्हाणी याच वाटेने लवकर मिटतात. पण हुतूतूच्या सामन्यात आपलाच गडी बाद झाला की नाही हे ठरविण्याचे काम त्याच संघाच्या नायकावर सोपविले, तर नायक कितीही सत्यवादी असला तरी प्रतिपक्षाचा विश्वास बसावयाचा नाही.

हा विश्वास कसा मोडतो याचे आपल्या महाराष्ट्रातील मोठे उदाहरण भिवंडीचे आहे. यंत्रमागाच्या या गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिचे लोण जळगाव व महाड येथेही पोहोचले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमिला. आयोगाचे काम काही वर्षे चालले आणि त्याचा अहवाल अनेक खंडांचा झाला. त्यातील दंगलीच्या वर्णनापेक्षा दंगलीनंतरच्या तपासाविषयीचे भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांचे एक खास पथक नेमण्यात आले होते. न्यायमूर्तींनी फिर्यादी, अटका व खटले यांची कागदोपत्री छाननी केली, आणि या पथकाने मुसलमानांविरुद्ध पक्षपात केला, निरपराध्यांस गोविले व दुसऱ्या बाजूच्या गुन्ह्यांकडे दुर्लक्ष केले, असा स्पष्ट निष्कर्ष काढिला. वर आम्ही दोन गल्ल्यांच्या तुलनेची जी गोष्ट सांगितली ती अशा प्रकारे प्रत्यक्षात करून दाखविता येते. मात्र त्यासाठी उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, कागद मागविण्याचा अधिकार आणि वर्षानुवर्षांचा वेळ लागला. प्रत्येक तक्रारदारास मादन आयोग कोठून मिळणार?

भिवंडीची गोष्ट येथे संपत नाही. १९८४ साली तेथे पुन्हा भयंकर दंगल झाली. त्यानंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील साध्या माणसांच्या समित्या स्थापिल्या आणि पोलिसांनी त्यांत जाऊन बसावे, लोकांची गाऱ्हाणी ऐकावी, असा परिपाठ ठेविला. नळावरचे भांडण, वाहनाचा धक्का, मिरवणुकीचा मार्ग, असल्या गोष्टी तेथे बोलल्या जात. आणि शिपाई कोणाशी कसा वागला हेही दोन्ही समाजांच्या देखत बोलले जाई. १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई शहर पेटले असता, जी भिवंडी दंगलीसाठी कुप्रसिद्ध होती ती शांत राहिली. याचे सर्व श्रेय समित्यांनाच द्यावे की नाही याविषयी मतभेद संभवतो. परंतु ज्या शिपायास लोक नावाने ओळखतात व जो लोकांस नावाने ओळखतो, त्याच्या हातून आंधळा पक्षपात घडणे कठीण असते, हे आम्हांस मान्य आहे.

परदेशातही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला. उत्तर आयर्लंडात प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक यांचे वैर कित्येक पिढ्यांचे. दोन्ही पक्ष एकाच प्रभूचे नाव घेणारे, म्हणून हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. तेथील पोलीसदलात बहुतेक भरणा प्रॉटेस्टंटांचा होता आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास पोलीसच करीत. १९९८ च्या शांतता करारानंतर ती पद्धत मोडण्यात आली व २००० सालापासून पोलीस लोकपाल नावाचा स्वतंत्र अधिकारी काम करू लागला. त्याचे तपासनीस स्वतःचे असतात. तो पोलिसांकडून अहवाल मागवून त्यावर विसंबून राहत नाही. पुष्कळ देशांनी तक्रार ऐकणारे मंडळ नेमिले आहे, पण तपास करणारे हात मात्र पोलिसांचेच ठेविले आहेत. खरा फरक मंडळाच्या नावात शोधू नये. पायी हिंडून साक्षीदार शोधणारा मनुष्य कोणाचा पगार खातो, हे पाहावे.

आपल्या देशात हे वळण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लागले. प्रकाश सिंह हे स्वतः उत्तर प्रदेशाचे पोलीस महासंचालक होऊन गेलेले गृहस्थ. पोलीसदल राज्यकर्त्यांच्या दडपणातून मोकळे व्हावे आणि लोकांस जबाबदार राहावे म्हणून त्यांनी १९९६ साली न्यायालयाकडे धाव घेतली, आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. न्यायालयाने सरकारांस जे सात आदेश दिले त्यांतील एक असा की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांची प्रकरणे राज्याच्या प्राधिकरणाने पाहावी, खालच्यांची जिल्ह्याच्या.

महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. त्याच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, स्त्रियांवरील अत्याचार, रीत न पाळता केलेली अटक, लाचखोरी, खंडणी, जमीन वा घर बळकाविणे, आणि अधिकाराचा अन्य गंभीर दुरुपयोग, इतकी प्रकरणे या प्राधिकरणापुढे नेता येतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच अर्ज करावा असे नाही. त्याच्या घरच्या माणसास किंवा त्याच्या वतीने दुसऱ्यासही तो करिता येतो. चौकशीत दोष दिसून आल्यास तो अहवाल शासनाकडे जातो आणि त्यावरून खात्याची कारवाई अथवा गुन्ह्याची नोंद व्हावयाची असते. अपवादात्मक प्रसंगी मात्र कारणे लेखी नमूद करून शासनास तो अमान्य करिता येतो.

या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस खटकते आणि ती बोलून दाखविणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. न्यायालयाने जिल्ह्याचे प्राधिकरण सांगितले असता आपल्या कायद्याने ते महसूल विभागाचे केले. आपला विभाग छत्रपती संभाजीनगरचा; नांदेडाहून ते शहर दोनशे किलोमीटरांहून दूर, आणि भोकरचा मनुष्य आधी नांदेडास पोहोचावयाचा. ज्याची रोजची मजुरी बुडाली तर घरी चूल पेटत नाही, त्याने चार तारखांस चार खेपा घालाव्या कशा? न्यायाच्या दारास कुलूप नसले तरी ते दार घरापासून फार लांब असेल, तर गरिबाच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर नाही.

असो. आता जे मार्ग जवळ आहेत त्यांविषयी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने नोंदविलीच पाहिजे, आणि खबर देणाऱ्यास तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ‘ही आमची हद्द नव्हे’ असे सांगून त्यास परत धाडता येत नाही. खबर नोंदून ती योग्य त्या ठाण्याकडे पाठविणे हे पोलिसांचे काम आहे. ठाणेदाराने नोंदविण्यास नकार दिला तर तीच खबर लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येते, आणि तेथेही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करिता येतो. नांदेड येथेच विशेष पोलीस महानिरीक्षकांचे परिक्षेत्र कार्यालय आहे. अधीक्षकांच्या कचेरीविषयीचे गाऱ्हाणे तेथे नेण्यास हरकत नाही. याखेरीज मुंबईस राज्य मानवी हक्क आयोग आहे व त्यास साध्या पत्रानेही कळविता येते.

आमच्या विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः मातांनी आणखी काही गोष्टी ठाऊक करून घ्याव्या. साक्षीसाठी विचारपूस करावयाची असता पंधरा वर्षांखालील मुलास व कोणत्याही स्त्रीस ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच तिच्या राहत्या ठिकाणी जावयाचे असते. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे, आप्तांस कळविले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्या मनुष्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. यांतील बहुतेक नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू यांच्या प्रकरणात १९९६ च्या डिसेंबरात घालून दिले होते. आता ते कायद्यातच आले आहेत.

हे सर्व मार्ग कागदावर असूनही वाट किती खडतर असते हे शेजारच्या परभणीस नुकतेच दिसून आले. २०२४ च्या डिसेंबरात तेथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेवरून क्षोभ माजला, धरपकड झाली, आणि धरलेल्यांपैकी कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली. तरीही गुन्हा नोंदविण्यासाठी मृताच्या मातेस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. २०२५ च्या जुलैत खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला व त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. त्याविषयी आम्ही अवाक्षर लिहीत नाही. पण नुसती पहिली नोंद होण्यास सात महिने लागले, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदोबस्ताच्या दिवसांत शिपायास जेवणाची व झोपेची शुद्ध नसते. सणाच्या दिवशी आपण घरी असतो तेव्हा तो चौकात उभा असतो. त्याच्याविरुद्ध खोटा अर्ज करणे हे गुन्हेगारास साहाय्य करण्यासारखेच आहे, आणि सरकारी नोकरास खोटी खबर देणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यास दोषी ठरविणे म्हणजे फिलिप्पैच्या अंमलदारांचीच चूक उलट्या बाजूने करणे होय. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांस शिपाईगिरी सोडण्यास सांगितले नाही. बळजबरीने पैसा घेऊ नका, खोटा आळ घालू नका व आपल्या पगारात तृप्त असा, एवढेच सांगितले.

म्हणून अर्ज लिहिणाराने आपण डोळ्यांनी काय पाहिले आणि दुसऱ्याकडून काय ऐकिले हे वेगवेगळे लिहावे. ‘पोलिसांनी जुलूम केला’ या एका वाक्याने चौकशी करणारास काहीच उमगत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे, कोणी, कोणते शब्द उच्चारले अथवा काय केले, त्या वेळी तेथे कोण होते, हे लिहावे. शिपायाचे नाव ठाऊक नसेल तर छातीवरील पाटीवरचे, तेही न दिसल्यास गाडीचा क्रमांक लिहावा. पक्षपाताचे गाऱ्हाणे असेल तर आपल्या फिर्यादीचा दिवस आणि प्रतिपक्षाच्या फिर्यादीचा दिवस शेजारी शेजारी द्यावा. मार लागला असल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखला घ्यावा. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर कचेरीची पोच घ्यावी. टपालाने पाठविल्यास पावती जपून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांतील चित्रण अठरा महिने, आणि तितकी सोय नसेल तर निदान एक वर्ष, राखून ठेवण्यास सांगितले आहे. मुदत संपली की ते पुसले जाते. यास्तव घटना ठाण्यात घडली असल्यास त्या दिवसाचे व त्या वेळेचे चित्रण राखून ठेवावे, ही विनंती पहिल्याच अर्जात करावी.